बाळाचे लोकरी दुपटे : विणण्याची रीत आणि वापरण्याची जाण

रुग्णालयाला देणगी देऊ इच्छिणाऱ्या भगिनींकडून, विशेषतः नोकरीतून निवृत्त झालेल्या किंवा सुनांच्या हाती संसार सोपवलेल्या ज्येष्ठ भगिनींकडून, एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "आम्ही पैशाने फार काही करू शकत नाही, पण नवजात बाळांसाठी हाताने विणलेले काही दिले, तर ते चालेल का? उपयोगी पडेल का?" या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. मात्र त्या 'होय'मागे काही अटी आहेत, आणि त्या अटी बाळाच्या जिवाशी निगडित आहेत. प्रेमाने विणलेले प्रत्येक दुपटे बाळाला सोयीचे असतेच असे नाही. म्हणून साधे, आठवडाभरात पूर्ण होणारे आणि नवजात बाळाला खरोखर मानवणारे दुपटे क्रोशाने कसे विणावे, हे प्रस्तुत लेखात सविस्तर दिले आहे. त्याचबरोबर त्या दुपट्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, याचेही विवेचन केले आहे.

बाळाला ऊब का हवी?

आईच्या पोटात बाळ उबदार पाण्यात असते. जन्माच्या क्षणी ते ओल्या अंगाने एकदम खोलीतील हवेत येते. अंगावरील ओल वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जाते; थंड वजनकाट्यावर किंवा गार चादरीवर ठेवल्यास उष्णता त्या वस्तूत उतरते; पंख्याचा किंवा उघड्या दारातून येणारा वारा ती वाहून नेतो; आणि जवळच्या थंड भिंतीकडेही ती निघून जाते. या चारही वाटांनी बाळ उष्णता गमावत असते. मोठ्या माणसाप्रमाणे त्याला थंडीने कुडकुडता येत नाही. खांद्यांच्या मध्ये आणि मानेभोवती साठवलेली एक विशेष प्रकारची चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवण्याचा प्रयत्न करते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे ही शिदोरी फारच तुटपुंजी असते.

नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट या मर्यादेत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. ते ३६ अंशांखाली गेले, की बाळ 'गार पडले' असे समजून तातडीने उपाय करावे लागतात, आणि ३२ अंशांखाली गेल्यास जिवाला मोठा धोका असतो. गार पडलेले बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही. दूध न मिळाल्याने त्याच्या रक्तातील साखर उतरते आणि ते अधिकच गार पडते. हे दुष्टचक्र मुकाट्याने चालते. बाळ रडत नाही, म्हणून घरच्यांना ते शांत झोपले आहे असे वाटते.

वाशीम जिल्हा पठारी प्रदेशात वसलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्री चांगल्याच गार असतात आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दि. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. अनेक गावांतून आणि तांड्यांवरून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यासाठी बाळाला बराच प्रवास घडतो. हिवाळ्याच्या पहाटे उघड्या वाहनातून येणाऱ्या लहानग्याच्या दृष्टीने हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याचे नसते, अंगातून गेलेल्या उष्णतेत मोजण्याचे असते.

दुपटे ऊब देत नाही, ऊब राखते

येथे एक मूलभूत गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. दुपट्यात स्वतःची उष्णता नसते. लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा बाळाच्या अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. बाळ अगोदरच गार पडले असेल, तर त्याला पाच दुपट्यांत गुंडाळूनही ते गरम होणार नाही; उलट गारवाच आत कोंडला जाईल. ओले लंगोट न बदलता वरून एकावर एक पांघरुणे घातलेले बाळ रुग्णालयात आणले जाणे, हे प्रसूतिकक्षात काम करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे दृश्य आहे. त्यात घरच्यांची माया कमी नसते. माहिती कमी असते.

बाळाला ऊब देणारे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे आईची त्वचा. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी काचपेट्यांच्या तुटवड्यामुळे कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी उभी धरून ठेवण्यास सुरुवात केली. हीच पुढे 'कांगारू मातृसेवा' म्हणून जगभर गेली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ किलो ते १.८ किलोच्या आतील बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा दिल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे आढळले. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, दिवसापूर्वी जन्मलेल्या अथवा कमी वजनाच्या सर्व बाळांना शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे ८ ते २४ तास ही सेवा द्यावी, अशी शिफारस केली.

विदर्भाला या विषयात अभिमान वाटावा असे काम आपल्याच भूमीवर झाले आहे. गडचिरोली येथील 'सर्च' संस्थेत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा उभी केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जंतुसंसर्गावरील उपचार, स्तनपान आणि बाळाला उबदार ठेवणे ही त्या सेवेची महत्त्वाची अंगे होती. २०११ पासून हीच कल्पना देशभर आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने राबवली जात आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात. त्यांच्यासाठी ठरवलेल्या संचात वजनकाटा आणि तापमापक यांबरोबर बाळाच्या ब्लँकेटचाही समावेश आहे. साध्या दुपट्याला वैद्यकशास्त्राने असे स्थान दिलेले आहे.

मग विणलेल्या दुपट्याचे नेमके स्थान कोणते? बाळ आईच्या छातीशी असताना दोघांच्या वरून घालण्याचे आवरण, आणि आईपासून दूर असताना सुती कपड्यांवरचा बाहेरचा थर. ही दोन कामे ज्या दुपट्याने नीट होतील, तेच दुपटे चांगले.

क्रोशेच का?

'क्रोशे' हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आकडा असा आहे. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील असंख्य कुटुंबांना क्रोशाच्या जाळीकामाने चार घास मिळवून दिले. आपल्याकडे ही कला मिशनऱ्यांमार्फत आली आणि मराठी घरांत चांगलीच रुजली. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, रेडिओवरचे आणि पुढे दूरदर्शन संचावरचे आच्छादन, बाळाचे टोपडे आणि मोजे हे सारे क्रोशाने विणलेले असे. स्वेटर यंत्रावर विणता येतो. खरे क्रोशे मात्र आजही हातानेच विणावे लागते.

नवशिक्यांसाठी क्रोशाचा मोठा गुण असा, की सुई एकच असते आणि तिच्यावर बहुतेक वेळ एकच टाका असतो. दोन सुयांच्या विणकामात एखादा टाका निसटला, तर तो खालपर्यंत उसवत जाण्याची भीती असते. क्रोशात चूक झाली, तर तेवढ्यापुरते उसवून पुन्हा विणता येते. रुग्णाजवळ बसलेल्या आजीला, बसमधून प्रवास करणाऱ्या शिक्षिकेला, दुपारी तासभर मोकळ्या असलेल्या गृहिणीला हे काम कोठेही ठेवता येते आणि कोठूनही पुढे नेता येते.

सामूहिक प्रयत्नांतून या कलेने काय साधते, याचे एक भारतीय उदाहरण सांगण्यासारखे आहे. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नई येथे 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या भगिनींच्या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे ब्लँकेट जोडून गिनेस विक्रम नोंदवला. विक्रमानंतर त्याचे सुटे भाग गरजूंना देण्यात आले. अमेरिकेत १९९५ पासून 'प्रोजेक्ट लायनस' ही चळवळ आजारी आणि संकटातील मुलांना हाताने केलेली पांघरुणे पोहोचवत आहे.

साहित्याची निवड

धागा : बाजारात 'लोकर' म्हणून विकला जाणारा बहुतेक धागा हा ॲक्रिलिकचा कृत्रिम धागा असतो. तो मऊ, स्वस्त, रंगांना पक्का आणि घरी धुण्यास सोपा असतो. परंतु त्यात एक दोष आहे. आगीजवळ तो वितळतो आणि वितळलेला भाग त्वचेला चिकटतो. आपल्या भागात बाळंतिणीच्या खाटेखाली किंवा जवळ शेगडी ठेवून शेक देण्याची आणि बाळाला धुरी देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. मुळात बंद खोलीतील धूर नवजात बाळाच्या फुप्फुसांना अपायकारक असल्याने ही प्रथा टाळावी. जेथे चूल वा शेगडी जवळ असण्याची शक्यता आहे, तेथे कृत्रिम धाग्याचे दुपटे देऊ नये. अशा ठिकाणी सुती धाग्याचे दुपटे अधिक बरे. सूत पेट घेते, पण वितळून अंगाला चिकटत नाही. विस्तवापासून दोन्ही दूरच ठेवावीत. सुती दुपटे गरम पाण्यात धुता येते आणि कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या उन्हाळ्यातही ते सुसह्य होते. मेंढीची खरी लोकर उबदार असली, तरी काही बाळांच्या त्वचेला टोचते आणि गरम पाण्याने आटते. तंतू सुटणारा, केसाळ किंवा चमकीचा धागा कधीही घेऊ नये. त्याचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात.

प्रमाण : ७५ × ७५ सेंटिमीटरच्या दुपट्यास साधारण ३५० ते ४०० ग्रॅम ॲक्रिलिक धागा लागतो. सुती धागा वजनाला जड असल्याने थोडा अधिक घ्यावा. एकाच रंगाचे सर्व गुंडे एकदमच घ्यावेत, कारण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या धाग्यांत छटेचा फरक पडतो. रंग शक्यतो फिकट असावा. फिकट दुपट्यावर रक्त, शी किंवा उलटीचा डाग परिचारिकेच्या लगेच लक्षात येतो.

सुई : चार पदरी बेबी लोकरीचे दोन धागे एकत्र घेऊन विणायचे असल्याने साडेपाच किंवा सहा मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्यावी. दोन धागे एकत्र घेतल्याने काम लवकर होते आणि वीण भरीव येते. 'झटपट' दुपट्याचे रहस्य एवढेच आहे. याशिवाय मापाची पट्टी, कात्री आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई लागेल.

टाके कोणते?

या दुपट्यास तीनच टाके पुरतात.

साखळी : सुईवर सरकफासाचा एक टाका घ्यावा. सुईला धाग्याचा वेढा देऊन तो त्या टाक्यातून ओढून काढावा. ही एक साखळी झाली.

अर्धा खांब : सुईला एक वेढा द्यावा, सुई खालच्या टाक्यात घालावी, धागा ओढून घ्यावा. आता सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा वेढा घेऊन तो तिन्ही फासांतून एकदम बाहेर काढावा.

मुका खांब : वेढा न घेता सुई टाक्यात घालून धागा ओढावा. सुईवर दोन फास येतील. वेढा घेऊन तो दोन्हींतून काढावा.

संपूर्ण दुपटे अर्ध्या खांबाने विणावे, अशी आमची सूचना आहे. पूर्ण खांब उंच असल्याने काम आणखी लवकर होते. पण खांबांच्या मधल्या फटी मोठ्या राहतात. मुका खांब भरीव असला, तरी त्याने दुपटे ताठ होते आणि वेळही फार लागतो. अर्धा खांब या दोहोंचा सुवर्णमध्य होय. अनेक भगिनींना मध्यापासून वाढत जाणारा, तीन-तीन खांबांचा जाळीदार चौकोन विणण्याची सवय असते. तो दिसतो सुंदर आणि होतोही भराभर. तथापि त्याच्या जाळीतून वारा आत येतो आणि बाळाची बोटे अडकतात. धागा बोटाभोवती घट्ट बसला, तर बोटाचा रक्तप्रवाह थांबू शकतो. असा चौकोन मोठ्या मुलांच्या पांघरुणासाठी राखून ठेवावा.

विणण्याची कृती

१. नमुना : प्रथम २० अर्ध्या खांबांचा आणि १० ओळींचा लहान तुकडा विणून मोजावा. हा वेळ वाया जात नाही. प्रत्येकीचा हात सैल-घट्ट असतो, म्हणून दुसरीने सांगितलेली टाक्यांची संख्या आपल्याला लागू पडेलच असे नाही. उदाहरणार्थ, २० टाक्यांची रुंदी १६ सेंटिमीटर भरली, तर एक टाका ०.८ सेंटिमीटरचा झाला. ७५ सेंटिमीटरसाठी सुमारे ९४ टाके हवेत. १० ओळींची उंची ११ सेंटिमीटर भरली, तर ७५ सेंटिमीटरसाठी सुमारे ६८ ओळी लागतील.

२. पायाची साखळी : हव्या असलेल्या टाक्यांत दोन मिळवून तेवढ्या साखळ्या घालाव्यात, वरील उदाहरणात ९६. साखळी घट्ट झाली, तर दुपट्याची खालची कड आखडते. त्यासाठी साखळी मुद्दाम सैल हाताने किंवा एक क्रमांक मोठ्या सुईने घालावी.

३. पहिली ओळ : सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घालावा आणि पुढे प्रत्येक साखळीत एकेक घालत जावे. ओळीच्या शेवटी ९४ अर्धे खांब झाले पाहिजेत.

४. पुढील ओळी : दोन साखळ्या घालून काम उलटावे. या दोन साखळ्या खांब म्हणून मोजू नयेत. पहिल्याच खांबाच्या डोक्यावर अर्धा खांब घालून शेवटच्या खांबापर्यंत यावे. उंची रुंदीएवढी होईपर्यंत हीच ओळ पुन्हा पुन्हा विणावी.

५. मोजणी : नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ओळीतील शेवटचा खांब राहून जाणे. मग दुपटे वर निमुळते होत जाते आणि ते का, हे कळत नाही. दर ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा आणि दर दहा ओळींनी टाके मोजावेत.

६. नवा गुंडा जोडणे : गुंडा संपत आल्यास ओळीच्या मध्ये गाठ मारू नये. गाठ बाळाच्या पाठीला टोचते आणि धुण्यात सुटते. ओळीच्या शेवटी नवा धागा घ्यावा आणि दोन्ही टोके प्रत्येकी १५ सेंटिमीटर लांब सोडावीत.

७. कड : शेवटची ओळ झाल्यावर धागा न तोडता चारही बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी घालावी. वरच्या-खालच्या कडेला प्रत्येक टाक्यात एक, कोपऱ्यात एकाच जागी तीन आणि उभ्या बाजूंना दर दोन ओळींमागे तीन मुके खांब घालावेत. कड ओढली गेल्यास एखादा वाढवावा, चुण्या पडल्यास एखादा कमी करावा.

८. टोके लपवणे : प्रत्येक सुटे टोक बोथट सुईने विणीत एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे ओवून मग कापावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु बाळाच्या बोटात अडकणारा धागा बहुधा येथेच सुटतो.

वरील मापाच्या दुपट्यात सुमारे ६,४०० टाके येतात. मिनिटाला दहा टाके या संथ गतीने ते १० तास ४० मिनिटांचे काम आहे. रोज दीड तास दिला, तर सात-आठ दिवसांत दुपटे हातावेगळे होते.

काय लावू नये?

आपल्या जिल्ह्यात हस्तकलेची मोठी परंपरा आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून, या समाजातील स्त्रियांचे आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचे भरतकाम सर्वश्रुत आहे. त्या कलेविषयी पूर्ण आदर बाळगून सांगावेसे वाटते, की नवजात बाळाच्या दुपट्यावर आरसा, कवडी, मणी, टिकली, गुंडी, घुंगरू, फीत, गोंडे किंवा झालर यांतील काहीही लावू नये. सुटलेला मणी बाळाच्या घशात जाऊ शकतो आणि लोंबणारी दोरी गळ्याभोवती बसू शकते. सजावट हवीच असेल, तर कडेची फेरी वेगळ्या रंगाने घालावी.

धुणे आणि साठवणे

दुपटे पूर्ण झाल्यावर सौम्य, वास नसलेल्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, उन्हात पूर्ण वाळवावे. ओले लोकरी दुपटे टांगल्यास ताणले जाते. ते पसरून वाळवावे. ॲक्रिलिकच्या दुपट्याला गरम इस्त्री करू नये, त्याची वीण कायमची चपटी होते.

यापुढील सूचना विशेष महत्त्वाची आहे. लोकरीचे कपडे ट्रंकेत ठेवताना डांबरगोळ्या टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. बाळाच्या कोणत्याही कपड्यात डांबरगोळी कधीही ठेवू नये. त्यातील नॅप्थलीनची वाफ कपड्यात मुरते. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात, तीव्र कावीळ होते आणि ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. कोणत्या बाळात ही उणीव आहे, हे पाहून कळत नाही. आजीने वर्षानुवर्षे जपून ठेवलेले दुपटे किंवा कुंची बारशाला काढण्यापूर्वी याचा विचार व्हावा. डांबरगोळीत ठेवलेला कपडा केवळ उन्हात ठेवून बाळाला घालू नये. शंका असल्यास तो वापरूच नये. नवे दुपटे साठवताना ते पूर्ण कोरडे करून धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवणे पुरेसे आहे.

कुटुंबीयांनी दुपटे कसे वापरावे?

बाळाचे अंग प्रथम कोरडे असावे. जन्मानंतर निदान २४ तास आंघोळ घालू नये. आत मऊ सुती झबले, कोरडे लंगोट, टोपडे आणि मोजे, आणि त्यावर विणलेले दुपटे, असा क्रम ठेवावा. लोकर थेट त्वचेला लागू नये.

बाळाला पुरेशी ऊब आहे का, हे हाताच्या पाठीमागच्या बाजूने पाहावे. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार, तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला लगेच आईच्या छातीशी धरून वरून दुपटे घालावे आणि दूध पाजावे. पोट आणि पाय दोन्ही गार, तर ते धोक्याचे चिन्ह समजून छातीशी धरूनच विनाविलंब रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत आणि वाटेतही बाळ छातीशीच असावे. आई अशक्त असेल, तर वडील, आजी किंवा मावशी यांच्या छातीचीही ऊब तितकीच चालते.

कांगारू पद्धतीत बाळाच्या अंगावर फक्त टोपडे, मोजे आणि लंगोट असते. ते छातीशी उभे, मान किंचित वर आणि तोंड एका बाजूस अशा स्थितीत असते. दुपटे आईच्या पाठीवरून घेऊन बाळाच्या पाठीपर्यंत आणावे. नाक आणि तोंड नेहमी दिसले पाहिजे.

बाळाला दुपट्यात आवळून, पाय सरळ करून बांधण्याची सवय सोडावी. गुडघे वाकलेले आणि मांड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. अन्यथा खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. झोपताना बाळ उताणे असावे. एक वर्षाच्या आतील बाळ झोळीत, पाळण्यात किंवा खाटेवर एकटे झोपले असताना सैल पांघरूण त्याच्यावर टाकून जाऊ नये; ते नाकावर येऊ शकते. अशा वेळी झबल्याचा एक थर वाढवावा. उन्हाळ्यात जाड दुपट्याची गरज नसते. बाळाचे अंग तापले, मानेला घाम आला, चेहरा लाल झाला, तर प्रथम एक थर काढावा. थर काढूनही ताप राहिला, तर तो आजाराचा असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे.

विणणाऱ्या हातांना विनंती

नवजात बाळाचे दुपटे एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे जाऊ नये, कारण जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून एक दुपटे एकाच बाळाचे असावे आणि ते त्याच्याबरोबरच घरी जावे, हे उत्तम. याच कारणाने अशा दुपट्यांची गरज कधी संपत नाही, आणि याच कारणाने त्यांना देणगी म्हणून विशेष मोल आहे.

दि. १७ नोव्हेंबर हा जागतिक अकाल प्रसूती दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्याकडे थंडीचा कडाका सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत विणायला घेतलेले दुपटे तोपर्यंत सहज तयार होते. देताना ते धुतलेले, वाळलेले आणि स्वच्छ पिशवीत असावे. त्यासोबत धागा सुती की ॲक्रिलिक, हे लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे ते कोणत्या घरी द्यावे हे परिचारिकांना ठरवता येईल. शक्य असल्यास त्याच चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत तीन वाक्ये लिहावीत : 'आधी आईची छाती, मग दुपटे. नाक-तोंड उघडे ठेवा. विस्तवाजवळ नेऊ नका.'

ज्यांना विणता येते त्यांनी एका तरी शेजारणीला हे टाके शिकवावेत, आणि ज्यांना विणता येत नाही त्यांनी हा लेख आपल्या घरातील बाळंतिणीला वाचून दाखवावा, अशी आमच्या सर्व सुहृदांना नम्र विनंती आहे.